विषय: तारीख उलटलेली औषधं घरात, बागेत वापरता येतात का?

एडिसनहून:

नमस्कार मंडळी, सासू-सासरे इथे न्यू जर्सीला सहा महिने राहून पुण्याला परत गेले आणि औषधांचा अख्खा डबा मागे राहिला. बीपीच्या गोळ्या, शुगरची मेटफॉर्मिन, कोर्स अर्धवट सोडलेलं अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन, गुडघ्यासाठीचं डायक्लोफिनॅक, वर ईनोची पाकिटं, टम्स (अॅसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या), अ‍ॅस्पिरिन, हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली, आणि बहुतेकांची तारीख उलटलेली. एवढं पैशाचं सामान फेकवत नाही हो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की गोळ्या कुटून कंपोस्टमध्ये टाकल्या की टोमॅटो छान येतात, अ‍ॅस्पिरिनचं पाणी गुलाबाला घालायचं वगैरे. कुणी केलंय का?

पार्सिपनीहून:

काकू, अजून काही कुटू नका! मी फार्मसीत काम करते, जरा लांब लिहिते. ईनो, टम्स, पेरॉक्साइड आधी बाजूला काढा, ते वापरता येईल. ईनो म्हणजे मुख्यतः सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, दमट हवा लागली की फसफस कमी होते म्हणून ढोकळा बसतो, पण चहाने काळा पडलेला थर्मास किंवा हात न जाणारी फुलदाणी धुवायला चांगलं, गरम पाणी ओतून ठेवायचं आणि झाकण अजिबात लावायचं नाही कारण आत गॅस कोंडतो. पेरॉक्साइडचा थेंब बटाट्याच्या ताज्या कापावर टाका, फेस आला तर त्यात अजून दम आहे, पांढऱ्या चादरीवरचे रक्ताचे डाग निघतील. ब्लीच किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका.

टम्स म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, झाडाला अपाय नाही. पण टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेक वेळा पाणी कमी-जास्त झाल्यामुळे, मातीत कॅल्शियम असतं पण फळापर्यंत पोचत नाही, तेव्हा आधी पाणी नियमित घाला. अ‍ॅस्पिरिनचं म्हणाल तर झाडं रोगाशी लढायला सॅलिसिलिक अ‍ॅसिड स्वतःच बनवतात, त्यावरून तो सल्ला निघालाय, पण घरी अंदाजाने घातलं तर पानं करपतात. मी नाही घालणार.

बाकीचं कंपोस्टमध्ये, मातीत, झाडाला कुठेच नाही. अमॉक्सिसिलिन मातीत गेलं की तिथल्या जंतूंना त्याची सवय होते आणि मग तेच औषध आपल्या पोरांना लागू न पडण्याची भीती असते. मेटफॉर्मिन शरीरातूनसुद्धा बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं, नद्यांच्या पाण्यात सापडतं, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची.

प्लेन्सबरोहून:

ताईंनी लिहिलंय त्यात डायक्लोफिनॅकचं मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा. नव्वदच्या दशकात ती पटापट मरायला लागली आणि कारण कळायला २००४ उजाडलं, गुरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यात राहायचं, ते खाऊन गिधाडांच्या किडन्या जायच्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त संपली. मुंबईत डुंगरवाडीला पारशी लोकांना मृतदेह गिधाडांसाठी ठेवायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत चालवणं अवघड झालं. २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली, त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक वापरा म्हणून सांगितलं. माणसाच्या गुडघ्याला बरं वाटतं म्हणून ते मातीलाही चालेल असं धरून चालू नका एवढीच कळकळीची विनंती. आणि घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉल (इकडचं टायलेनॉल) तिच्या वाटेत पडू देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते.

एडिसनहून:

बाई गं, एवढं माहीत नव्हतं. मग हा डबा नेऊ कुठे? आणि सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया पण आहेत. बीपीच्या दोन स्ट्रिपा अजून चालू तारखेच्या आहेत, मंडळात कुणाला हव्यात का?

पार्सिपनीहून:

नको काकू, दुसऱ्याच्या बीपीच्या गोळ्या कुणालाच देऊ नका, मंडळात अँटिबायोटिक वाटायची सवयसुद्धा आपण आता बंद करूया. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सकाळी १० ते दुपारी २ इथे अमेरिकेत देशभर नको असलेली औषधं परत घेतात, शिवाय बऱ्याच पोलीस स्टेशनांत आणि मोठ्या फार्मसींत जुनी औषधं टाकायची पेटी वर्षभर असते, निघण्याआधी फोन करून काय काय घेतात ते विचारा. जवळ पेटी नसेल तर गोळ्या न कुटता कॉफीच्या नाहीतर चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका, आणि लेबलवरचं नाव खोडा. ऑपरेशननंतर मिळालेल्या जबर पेनकिलर्स कुणाकडे पडल्या असतील तर त्या पेटीत टाकायला अजिबात उशीर नको, कुठे सोय नसेल तर एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध खात्याच्या) फ्लश करायच्या औषधांच्या यादीत नाव बघून फ्लश करा. सुया पेटीत नाही टाकायच्या हं, डिटर्जंटच्या जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत भरून झाकण टेपने बंद करा आणि ती बाटली कुठे द्यायची ते काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) ऑफिसला विचारा.