कलामुंडाहून बिब्बलमन ट्रॅक : पहिल्या टप्प्यासाठी सल्ला हवा आहे

पुणेकर_पर्थ :
नमस्कार. पुण्याहून पर्थला येऊन एक वर्ष झाले. सह्याद्रीत बरीच भटकंती केली आहे, परंतु पाठीवर सगळे ओझे घेऊन सलग आठ-दहा दिवस कधी चाललेलो नाही. कलामुंडा या उपनगरातून निघून सुमारे १००० किलोमीटरवरच्या आल्बनीला पोहोचणारा बिब्बलमन ट्रॅक हा पायी चालण्याचा मार्ग मनात घर करून बसला आहे. सप्टेंबरमध्ये दहा दिवसांची रजा मिळते आहे. तेवढ्यात ड्वेलिंगपपर्यंतचे सुमारे २१० किलोमीटर एकट्याने जमतील का? शिधा आणि तंबू यांचे काय करावे?

रानवाट :
महिना उत्तम निवडला आहे; रानफुलांचा बहर असतो आणि उन्हाळ्याचा ताप व वणव्यांचा धोका अजून दूर असतो. अंतराबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन की बेत आखडता घ्यावा. दहा दिवसांत २१० किलोमीटर म्हणजे रोज २१, आणि उत्तरेकडचे मुक्काम साधारण दहा-दहा किलोमीटरवर असल्यामुळे तुम्हाला रोज दोन टप्पे एकत्र करावे लागतील, तेही सॅक सर्वांत जड असताना. मी पहिल्या खेपेला तेच केले. बस थेट कलामुंडापर्यंत जाते, आसपास घरे-दुकाने दिसतात, म्हणून चाल सोपी वाटली. पण पीसी ओढ्याकडचा उतार आणि पुढचा चढ यांतच गुडघे बोलू लागले आणि तिसऱ्या दिवशी मला परतावे लागले.

आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी गाव असते, कुणाच्या तरी घरी पिठले-भाकरी मिळते. येथे ड्वेलिंगप हेच वाटेवरचे पहिले गाव, त्यामुळे शिधा पाठीवरच न्यावा लागतो. पोहे, मेतकूट आणि लवकर शिजणारी मुगाची डाळ मला उपयोगी पडली. माझा सल्ला असा की पहिल्या दिवशी ह्यूइट्स हिलला मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी मंडारिंगचे धरण पाहत बॉल क्रीकला जावे आणि पुढे ब्रुकटन महामार्गापर्यंतच चालावे. तेथे बस नाही, म्हणून न्यायला येणारी गाडी आधीच ठरवून ठेवा. हेलेना खोऱ्यावर उघडणाऱ्या वालेगच्या मुक्कामी मात्र संध्याकाळपूर्वी पोहोचा.

जाराची_सावली :
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मुक्कामाच्या जागी तीन बाजूंनी बंद निवारा, पावसाच्या पाण्याची टाकी आणि शौचालय असते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. तरीही तंबू न्यावा, कारण निवारा भरलेला असू शकतो. टाकीतले पाणी उकळून किंवा गाळणीतून शुद्ध करूनच प्यावे आणि स्वयंपाकासाठी स्टोव्ह ठेवावा. वाटेवर वागल या, येथील मूलनिवासी नूंगार लोकांच्या पुराणकथेतल्या सर्पाची आकृती असलेले पिवळे त्रिकोण दिसत राहतील. बराच वेळ त्रिकोण दिसला नाही तर मागे फिरावे.

बूट घासण्याची सोय जेथे दिसेल तेथे माती झाडण्याचा कंटाळा कृपया करू नका. फायटोफ्थोरा हा जमिनीतला रोग मातीबरोबर पसरतो आणि मुळे कुजवून जारासारखी झाडे मारतो.

पुणेकर_पर्थ :
मनापासून आभार. ब्रुकटनपर्यंतच जाईन. एकटा असल्याने आणखी काही काळजी घ्यावी का?

रानवाट :
फोनला सर्वत्र रेंज मिळत नाही, म्हणून संकटसंदेश देणारा बीकन जवळ ठेवा. प्रत्येक निवाऱ्यातील नोंदवहीत तारीख आणि पुढचा मुक्काम न चुकता लिहा. तुम्ही वेळेवर पोहोचला नाहीत, तर शोधणाऱ्यांना तीच नोंद दिशा दाखवते.