चेहऱ्याच्या लालीवर लेझर किंवा आयपीएल: सोलापुरात कुणी केलंय का?

कडकभाकरी_४३
नमस्कार मंडळी. माझं घरगुती कडक भाकरीचं काम आहे, रोज सकाळी चार-पाच तास शेगडीपुढं जातात. तीन वर्षांपासून गाल आणि नाक लालभडक, आग होते, मधूनच बारीक पुटकुळ्या. आधी वाटलं ऊन बाधतंय, आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ ठरलेलंच. पण जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीतही लाली हटली नाही. आता नाकाच्या बाजूला लाल दोऱ्यासारख्या शिरा दिसायला लागल्यात. डॉक्टरांनी रोझेशिया (चेहरा लाल करणारा कातडीचा जुनाट आजार) सांगितलं, मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं. पुटकुळ्या बसल्या, लाली जागची हलेना. एका पार्लरमध्ये 'फोटोफेशियल'चं, म्हणजे आयपीएलनं चेहऱ्यावर प्रकाशाचे झोत मारायचं, सहा सिटिंगचं पॅकेज आहे, या आठवड्यात पैसे भरले तर सूट. मे महिन्यात घरात लग्न आहे. करू का?

सातरस्ता
पैसे भरले नसतील तर भरू नका. बाकीचं रात्री लिहितो, ड्युटीवर आहे.

माहेर_सोलापूर
ताई, मी पुण्यात केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रकाश शिरेतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, शीर तापते, आतून बंद होते आणि शरीर ती हळूहळू जिरवतं. पल्स्ड डाय लेझर यासाठीच आहे, ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. तो साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा सगळा झोत, फिल्टर लावून हवा तेवढाच घ्यायचा. आता अडचण अशी की आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही (रंग देणारं द्रव्य) तोच प्रकाश पितं. शिरेपर्यंत पोचायच्या आधी वरचीच कातडी भाजते आणि लालीच्या जागी काळे डाग बसतात. परदेशातले गोऱ्या बायकांचे आधी-नंतरचे फोटो बघून आपण भुलतो, मीही भुलले होते. माझ्या डॉक्टरांनी आयपीएलला सरळ नाही म्हटलं आणि १०६४ नॅनोमीटरचा लाँग पल्स एनडी-याग लेझर वापरला. तो मेलॅनिनला कमी धरतो, म्हणून सावळ्या रंगाला त्यातल्या त्यात बरा. तरी आधी कानापुढं छोटा टेस्ट पॅच घेतला आणि काही आठवडे वाट बघायला लावली. मला तेव्हा राग आला होता.

चार सिटिंग झाल्या, दर चार आठवड्यांनी एक. रबर बँड ताणून सोडावा तसा चटका बसतो. नाकाच्या शिरा जवळजवळ गेल्या. गालाची लाली निम्मी म्हणा. चहा घेतल्यावर तोंड तापायचं ते अजून तापतंच. रोग मुळातून जात नाही, दीड वर्षानं परत एक सिटिंग घ्यावी लागली. पुटकुळ्यांचा नि याचा फारसा संबंध नाही, त्याला औषधच.

विजापूररोड
बायकोला पार्लरवाल्यांनी केस काढायच्याच मशीननं केलं. गालावर चौकोनी पट्टे उठले, आठ महिने ओढणी बांधून फिरली. मशीन कुठलं, किती जोरावर, विचारलं तर तिथल्या मुलीला सांगता येईना.

नवीपेठ_काकू
एवढं कशाला गं, साय-हळद लाव, लिंबू चोळ. माझ्या सुनेचा चेहरा त्यानंच उजळला.

माहेर_सोलापूर
काकू, साय खायला ठेवा. लिंबानं ही कातडी पेटते हो.

सातरस्ता
आलो. माझं मेडिकल स्टोअर आहे, डॉक्टर नाही, पण एक विचारतो ताई: मधल्या काळात गोरेपणाची कुठली ट्यूब लावली होती का? नळीवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही स्टेरॉइड?

कडकभाकरी_४३
नणंदेनं दिलेली लावायचे, दोनेक वर्षं. लावली की एकदम छान वाटायचं, सोडली की भडका, म्हणून परत लावायची. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

सातरस्ता
इथंच गोम आहे बघा. त्या स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, शिरा वर दिसायला लागतात, आणि रोझेशियासारखीच लाली येते. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे, तरी लोक काउंटरवर साबणासारखी मागतात. मी देत नाही म्हणून शेजारच्याकडं जातात, असो. ट्यूब घेऊन जा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. कशी सोडायची ते त्यांनाच ठरवू द्या. सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने लाली वाढते, त्यात लेझर मारला तर पैसे पाण्यात. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलला त्वचेची ओपीडी आहे. सांधे दुखत असतील, ऊन लागल्यावर गालावर चट्टा येत असेल तर तेही सांगा, ल्युपससुद्धा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असाच दिसतो. डोळे चुरचुरतात का?

कडकभाकरी_४३
चुरचुरतात. मला वाटलं शेगडीच्या धगीनं.

सातरस्ता
तेही सांगा. रोझेशिया डोळ्यातही उतरतो.

माहेर_सोलापूर
आणि मेच्या लग्नाआधी लेझर नकोच. उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर करत नाहीत, नंतरही ऊन चुकवावं लागतं. डाय लेझर असेल तर आठवडाभर जांभळे डागही राहू शकतात, फोटोत ते दिसतील. माझ्या मते दिवाळीनंतर सुरू करा. पुण्याला यायचं झालं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून रात्री परत जाता येतं, मात्र खिडकीकडची उन्हाची बाजू नको.

कडकभाकरी_४३
पार्लरला 'नको' म्हणून कळवलं. ट्यूब पर्समध्ये टाकलीय, सोमवारी जाते. भाकरी थापायला जाऊबाईंना बसवते, मी पॅकिंग घेते. एकच राहिलं: सनस्क्रीन घामानं वाहून पिठात पडायची भीती वाटते, कुठली टिकते?

माहेर_सोलापूर
झिंक ऑक्साइडची घ्या, बिनवासाची. ती चुरचुरत नाही. पॅकिंगलाच बसणार असाल तर पिठाचा प्रश्न मिटला, पण खिडकीजवळ बसू नका.