सीपॅपचा मास्क गळतोय, शिट्टीही वाजते. मिशी न काढता काही उपाय?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

वडिलांना (आबांना) झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे. रात्रभराची तपासणी करून डॉक्टरांनी ऑटो सीपॅप दिलंय (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन), दाब ६ ते १४ सेंमी पाणी. मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा, सिलिकॉनचा, मीडियम. राहायला आम्ही कोल्हापूरला लागूनच, करवीर तालुक्यात.

झोपताना सगळं ठीक असतं. पहाटेच्या सुमाराला मास्कच्या वरच्या कडेनं हवा थेट डोळ्यांत जाते आणि खाली मिशीपाशी फुर्र फुर्र सुरू होतं. मग आबा झोपेतच पट्टे करकचून आवळतात. त्यानं गळती थांबत तर नाहीच, उलट वाढते, आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ. अशा रात्री मशीन एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकला किंवा मंदावला तो आकडा) ९-१० दाखवतं. मास्क नीट बसलेल्या रात्री तोच ३ च्या आसपास असतो.

आवाज दोन प्रकारचे आहेत. एक बारीक शिट्टी, ती कुठनं येते तेच कळत नाही. दुसरी मशीनमधली घरघर. ही पूर्वी नव्हती. आई म्हणते, गुऱ्हाळ चालू झाल्यापासून वाढलीय. घरामागंच गुऱ्हाळ आहे. चुलाण पेटलं की चिपाडाची काजळी खिडकीच्या कट्ट्यावर बसते, आणि मशीन त्याच खिडकीखाली जमिनीवर.

दुकानदार म्हणतो, "नवा मास्क घ्या, नाहीतर मिशी काढा." मास्क घेऊ, पण तोही असाच गळला तर? आणि मिशीचं तर घरात नाव काढायची सोय नाही. तालमीतला माणूस, आजही रात्री मिशीला तेल लावून पीळ दिल्याशिवाय आडवा होत नाही.

तर गळती मास्कची की पाईपची, हे घरी कसं ओळखायचं? मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सारखी हवा येते, त्यावर आई चिकटपट्टी लावू का विचारतेय. आणि फिल्टर धुतला तर चालतो का?

प्रतिसाद १

काकूंना आधी सांगा, चिकटपट्टी अजिबात नको! ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. आबांनी सोडलेला श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तिथूनच बाहेर जातो. १० च्या दाबाला मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर हवा तिथून जाणारच, ती गळती नव्हे. ही भोकं अर्धवट बुजली तरी शिट्टी वाजते. मऊ ब्रशनं साफ करा, टाचणी घालू नका.

मास्क की पाईप हे असं बघा. मशीन चालू करा, मास्क काढून पाईपचं टोक क्षणभर तळहातानं दाबा. तरीही सूं आवाज येत असेल तर हवा पाईपमधून किंवा मशीनच्या, हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या रबरातून जातेय. टाकी काढून पुन्हा नीट बसवा, रबर दुमडलंय का बघा. मग पाईप मशीनपासून सोडवा, एक टोक बंद करून बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकानं फुंका, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. पाईप तारेचा म्हणजे हीटेड असेल तर मात्र पाण्यात घालू नका, कानाशी धरून ऐका. बहुतेक वेळा चीर टोकाच्या कफपाशी, म्हणजे जोडाच्या जाड कडेपाशी सापडते. मशीनला जोडण्याआधी पाईप खडखडीत वाळवा.

पहाटे गळती वाढते त्याचं कारण साधं आहे. ऑटो मशीन गरजेप्रमाणे दाब चढवतं, आणि संध्याकाळी बसून कमी दाबावर लावलेला मास्क त्या दाबाला टिकत नाही. आबांना आडवं करा, दाब चालू ठेवा, मास्क चेहऱ्यापासून थोडा पुढं ओढून सोडा म्हणजे सिलिकॉनची आतली पातळ कडा फुगून बसते. पट्टे त्यानंतर, बेतानंच.

तेल मात्र सकाळी लावायला सांगा. तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग, रोज सौम्य साबणानं धुवायचं.

फिल्टर पांढरा, कागदासारखा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. राखाडी फोमचा असेल तर धुऊन पूर्ण वाळवून लावता येतो. गुऱ्हाळाच्या हंगामात दर आठवड्याला बघाच. मशीन खिडकीपासून हलवा आणि टिपॉयवर ठेवा, पण उशीच्या पातळीपेक्षा खालीच, नाहीतर पाणी पाईपमधून तोंडावर यायचं.

प्रतिसाद २

मशीन कुठल्या कंपनीचं आणि कधीचं ते बघा. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये बरीच मॉडेल परत मागवली होती, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून. पाईपमध्ये काळे कण दिसले तर प्रत्येक वेळी गुऱ्हाळाला दोष देऊ नका. मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, कुठल्या वेळी किती गळती झाली त्याचा आलेख दिसतो. रेसमेड या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती म्हणजे जास्त धरतात. तेवढी गळती असेल तर एएचआयच्या आकड्यावरही फार विसंबू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आमचं मशीन त्या कंपनीचं नाही. पाईपला मशीनकडच्या कफपाशी केसाएवढी चीर निघाली, नवा पाईप लावल्यावर शिट्टी बंद. फिल्टर कोळशासारखा काळा निघाला, बदलल्यावर घरघर बरीच उतरली. तेल सकाळी लावायला आबा कुरकुरत का होईना, तयार झालेत.

मिशीपाशी मात्र अजून थोडं फुर्र आहेच. नुसत्या नाकपुड्यांत बसणारा मास्क असतो म्हणे, त्यात मिशीचा प्रश्नच येत नाही. पण आबा तोंड उघडं टाकून झोपतात. अशा कुणी हनुवटीचा पट्टा लावून तो वापरलाय का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण वापरलेल्यांचा अनुभव आधी कळला तर बरं. आणि कोल्हापुरात एखादी रात्र वापरून बघायला असा मास्क देणारं कुणी असेल तर तेही सांगा.