शब्दचर्चा: पात्र ‘ऐकत नाही’, त्याला काय म्हणायचं?

कोपरीची कथाकार

दोन महिने एका कथेवर बसले आहे. नलूबाई, सत्तरीच्या, कोपरीतल्या जुन्या चाळीत एकट्या राहतात. त्या खोली विकून मुलाकडे खारघरला जातात, असं मी ठरवलं होतं. करारावर सही करायचा प्रसंग चार वेळा लिहिला. चारही वेळा त्यांनी पेन उघडलं, कागदावरून एकदा बोट फिरवलं आणि टोपण परत लावून टाकलं.

आमच्या बैठकीत वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, “पात्र हाताबाहेर गेलंय तुमचं.” शब्द लागला मनाला. हाताबाहेर जातो तो मुलगा, नाहीतर आजार. दोन्हीकडे काहीतरी बिघडलेलं असतं. इथे तर कथा पहिल्यांदा त्या टोपणापाशीच जिवंत झाली. ‘हटून बसल्या’ म्हटलं तर त्यात राग येतो, ‘अडल्या’ म्हटलं तर बैल डोळ्यांपुढे येतो. यासाठी बिनरागाचा मराठी शब्द आहे का?

तलावपाळी

‘व्यक्तिरेखा स्वतंत्र झाली’ म्हणा की. शेरलॉक होम्सचं तसंच झालं ना?

कोपरीची कथाकार

‘स्वतंत्र झाली’ समीक्षेत ठीक आहे, बोलताना तोंडात बसत नाही. आणि होम्सचं वेगळं. कॉनन डॉयलनं त्याला १८९३ मध्ये मारलं, १९०३ मध्ये जिवंत परत आणलं. हट्ट वाचकांचा होता, होम्सचा नव्हे.

चेंदणीचा म्हातारा

ताई, नाम शोधू नका, क्रियापदं बघा. आपण ‘व्यक्तिरेखा उभी केली’ म्हणतो, तसंच ‘व्यक्तिरेखा उभी राहिली’ असंही म्हणतो. पहिल्यात शाबासकी लेखकाला; दुसऱ्यात ती आपल्या पायांवर. तीच गत ‘तोंडी घातलं’ आणि ‘तोंडून आलं’ यांची. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून मी तिथे नाटकं बघतो आहे. वाक्य नटीच्या तोंडी घातलेलं आहे की तोंडून आलेलं, हे शेवटच्या रांगेतही कळतं. घातलेलं असलं की प्रेक्षागृहात खोकले सुरू होतात.

आणि ‘सुचणं’ घ्या. ‘मी सुचलं’ असं कुणी म्हणत नाही, ‘मला सुचलं’ म्हणतो. भूक लागते, आठवण येते, तसं सुचतं. व्याकरणानं लेखकाला आधीच बाजूच्या खुर्चीत बसवलं आहे. नलूबाईंनी टोपण लावलं ते तुम्हाला सुचलं. त्यात तुमचं काही हातचं गेलेलं नाही.

आता नामच हवं असेल तर ‘मानसपुत्र’ आहे. चिमणराव हे चिं. वि. जोशींचे मानसपुत्र, असं आपण सहज लिहितो आणि मूळ गोष्ट विसरतो. सनक, सनंदन, सनातन, सनत्कुमार हे ब्रह्मदेवाचे मानसपुत्र. त्यानं सांगितलं, प्रजा वाढवा. चौघांनी नाही म्हटलं. ब्रह्मदेवाला राग आला, तो आवरेना, आणि त्याच्या भुवयांमधून रुद्र जन्मला. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात आहे हे. म्हणजे मनातून जन्मलेलं मूल बापाचं ऐकेलच असं नाही, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. बिनरागाचा शब्द मागता आहात, पण राग ब्रह्मदेवालाही आला होता. तुम्हाला चार खर्ड्यांत नाही आला, हे मला फार आवडलं.

कोपरीची कथाकार

काका, काल रात्री पाचव्यांदा लिहिलं. एजंट घड्याळ बघतोय, मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसलाय. नलूबाईंनी टोपण लावलं, पेन स्वतःच्या हातानं एजंटच्या खिशाला अडकवलं आणि चहा टाकायला उठल्या. ‘उठवलं’ नाही, ‘उठल्या’. आता तो प्रसंग तसाच राहील, खारघरचं सगळं प्रकरण काढून टाकते.

एक शंका मात्र उरली. नलूबाई माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या. त्यांना ‘मानसकन्या’ कसं म्हणू?

चेंदणीचा म्हातारा

खुशाल म्हणा. सनकादिक दिसायला पाच-सहा वर्षांचे, आणि भागवत त्यांना पूर्वजांचेही पूर्वज म्हणतं.