उणे तीस अंशांत एचआरव्हीचा पंखा थांबवावा की हवा आधी गरम करावी?

तापीकाठ, भुसावळ
मुलगी-जावयाचं घर कॅनडात, सस्कॅचेवानमध्ये बांधून होत आलंय. तिकडे जानेवारीच्या रात्री पारा उणे तीसच्या खाली जातो. खिडक्या महिनोन् महिने बंद, म्हणून घरात एचआरव्ही, म्हणजे ऊब राखून घरातली हवा बदलणारं यंत्र (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर). बाहेर जाणारी उबदार हवा येणाऱ्या गार हवेला कोअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या पातळ पत्र्यांच्या गाभ्यात, ऊब देते, पण दोन्ही मिसळत नाहीत. अडचण बाष्पाची आहे. 21 अंशांच्या, 40 टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सात ग्रॅमच्या वर पाणी असतं, शून्य अंशाला पाचही मावत नाही. उरलेलं पाणी कोअरच्या सगळ्यात गार कोपऱ्यात सुटतं, गोठतं आणि वाट बुजवतं.

कंत्राटदार म्हणतो, बर्फ धरला की आत हवा घेणारा पंखा आपोआप थांबेल, बाहेर जाणारी हवा बर्फ वितळवेल, जादा खर्च शून्य. माझा याला साफ विरोध आहे. एकच पंखा हवा ओढत राहिला की घरातला दाब उतरतो. दिवाणखान्यात लाकडाची शेगडी आहे. धुराड्यातून वर जायचा धूर, कार्बन मोनॉक्साइडसकट, उलटा घरात येऊ शकतो. प्रीहीटर, म्हणजे बाहेरची हवा कोअरच्या आधीच गरम करणारा विजेचा हीटर, बसवाच, असं मी कळवलंय.

पांझराकाठ, धुळे
दादा, शेगडीचा मुद्दा मान्य. पण विजेचा हिशेब करा. तासाला 150 घनमीटर हवा उणे तीसवरून बर्फ न धरण्याइतकी, म्हणजे उणे पाचवर आणायला सव्वा किलोवॅट लागतं. थंडी तशीच राहिली तर दिवसाला तीस युनिट! शिवाय कोअरच्या आधी दिलेली ही ऊब बहुतेक बाहेरच जाते, घराला थोडीच मिळते. तिकडच्या बऱ्याच मशिनींत रिसर्क्युलेशन डीफ्रॉस्ट, म्हणजे घरातलीच हवा फिरवून बर्फ वितळवायची सोय, असतो. बाहेरची झडप मिटते, घरातलीच हवा काही मिनिटं कोअरमधून फिरते, दाब बदलत नाही. तेवढं पुरे.

तापीकाठ, भुसावळ
तीस युनिटांचा आकडा बरोबर आहे, पण तो सगळ्यात वाईट दिवसाचा. उणे दहाला अडीचशे वॅटच्या आसपास लागतात, उणे पाचला काहीच नाही. आणि पंखा थांबवणं फुकट कुठे आहे? तेवढी हवा फटींतून शिरली तर ती उणे तीसवरून 21 वर घरच्याच हीटरने न्यायची. बंद असेल तेवढा वेळ अडीच किलोवॅटच्या वर गेले.

रिसर्क्युलेशन त्यापेक्षा बरं, हे खरं. पण थंडी वाढेल तसा डीफ्रॉस्ट वारंवार होतो, म्हणजे घर कडेकोट बंद असतं तेव्हाच ताजी हवा कमी. न्हाणीघरातली दमट हवा परत झोपायच्या खोलीत. तान्हं बाळ आहे घरात, हे मला पटत नाही.

केळीवाला, रावेर
भाऊ, तुमनं म्हननं बरोबर शे, पन वीजच कशाला? जानेवारीत पारा दहाच्या खाली आला की केळीची वाढ थांबते. आम्ही रात्री ट्यूबवेलचं पाणी सोडतो, कारण जमिनीखालून आलेलं ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे हात घातला तर कोमट लागतं. जर्मनीत डार्मस्टाटचं पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे फार कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, 1991 मध्ये झालं, त्यातही येणारी हवा आधी जमिनीतून फिरवलेली होती. जमिनीत नळी टाका, तिच्यात न गोठणारं पाणी फिरवा, पंपापुरती वीज लागेल.

पांझराकाठ, धुळे
आप्पा, रावेरची जमीन आणि सस्कॅचेवानची जमीन यात फरक आहे. तिकडे दोन मीटरच्या आसपास खोलीपर्यंत जमीनच गोठते. नळी त्याच्या खाली न्यायची, घर बांधून झाल्यावर अंगण खोदायचं! त्यापेक्षा ओलावा परतवणारा पडद्याचा कोअर घ्या. पाणी कमी सुटतं, बर्फ उशिरा धरतो, घरातली हवाही कोरडी पडत नाही.

तापीकाठ, भुसावळ
पडद्याचा कोअर मी सुचवतोच, पण तो उणे तीसला एकटा पुरणार नाही. त्याच्यासोबत लहान प्रीहीटर, आणि तो हवेच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त होणारा हवा, नुसता चालू-बंद नको. आप्पांचं जमिनीचं म्हणणं मला आवडलं, पण ते पाया खणतानाच व्हायला हवं होतं. शेगडीला लागणारी हवा बाहेरून वेगळ्या नळीने आणायची, हे मात्र आजच कळवतो.

केळीवाला, रावेर
कोअरमधलं पाणी बाहेर नेणारी नळीही विचारा. ती भिंतीतून थेट बाहेर काढली असेल तर तिथेच गोठेल आणि पाणी मशीनमध्ये साचेल. घरातल्याच सांडपाण्याच्या पाइपला जोडायला सांगा.