अनुभव धागा: गाडी कुठली, डबा कुणाचा?

ठाणेकर
दर 16 एप्रिलला आमची रेल्वेवेडी टोळी ठाणे स्टेशनात जमते. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी 14 डबे घेऊन 34 किलोमीटर धावली ती इथेच आली, म्हणून हे आमचं पंढरपूर. यंदा रेक, लोको, रंगसंगती यावर दहा मिनिटं बोलणं झालं आणि मग खाण्यावरून जे जुंपलं ते संपेना. काडी मीच टाकली. म्हटलं, डोळे मिटून नुसत्या वासावरून गाडी ओळखतो. लसूण-शेंगदाणा आला की सोलापूरची सिद्धेश्वर. नाकात ठसका बसला की विदर्भ. कसलाच वास नाही म्हणजे डेक्कन क्वीन, कारण पुणेकर डबा उघडतच नाही, शेजारी मागेल म्हणून.

तर उरलेलं भांडण इथे भांडू. अट एकच: दुसऱ्याच्या गावाला टोमणा मारायचा तर स्वतःच्या गावाची एक खोड कबूल करायची.

सदाशिवपेठी
आम्ही डबा उघडत नाही कारण लागत नाही. आमची राणी 1930 सालची, आणि आजही डायनिंग कार घेऊन धावते. चीज टोस्ट, ऑम्लेट, समोर घाट. तुम्ही मुंबईकर उभ्याने खाता, तोंडात काय गेलं ते कुर्ल्याला कळतं.

आता खोड. बाबा लोणावळ्याला डायनिंग कारमध्ये बसायचे ते चहा मागवून पार कल्याणपर्यंत. वेटरने तीनदा टेबल पुसलं. चौथ्यांदा बाबांनीच पेपर उचलून धरला, पुसायला सोपं जावं म्हणून.

ठाणेकर
चहा एकच?

सदाशिवपेठी
एकच. आई पण होती. बशी कशाला असते?

सिंधुदुर्गवाला
माझी ऐका. कुडाळहून तुतारी एक्सप्रेस, थर्ड एसी. आईने सुकट बांधून दिलेली, सहा पिशव्यांत. बायको म्हणाली सात करा. मी ऐकलं नाही. कणकवली जाते न जाते तोच डब्यात कुजबुज. आधी एका काकूंनी नाकाला पदर लावला, मग अटेंडंट टॉर्च घेऊन मेलेला उंदीर शोधायला लागला. बर्थखाली वाकला, पडदे झटकले. मीही त्याच्याबरोबर वाकून शोधू लागलो. आजून कोणाक सांगूक नाय हां.

त्यात कोकण रेल्वेची बहुतेक लाइन एकेरी. क्रॉसिंगला गाडी उभी ती उभीच. खिडकी उघडायची सोय नाही. तेवढ्या वेळात मला समोरच्या तिघांच्या बांधाच्या केसेस तारखांसकट पाठ झाल्या. ही आमची दुसरी खोड, तीही कबूल. टोमणा उधार ठेवतो.

तर्रीबाज
उधारी कशाला बे, मी मारतो. मुंबईवाले म्हणतात, ‘आम्ही तिखट खातो.’ विदर्भ एक्सप्रेसमध्ये एक दादरचे साहेब हेच म्हणत होते. मी सावजी मटणाचा डबा उघडला. काळा रस्सा, वर बोटभर तेल. खोड आमची ही की आम्ही आग्रह सोडत नाही आणि ‘काही तिखट नाही जी’ असं खोटं बोलतो. दुसऱ्या घासाला साहेबांचे कान लाल, तिसऱ्याला चष्मा काढला. भुसावळला खाली उतरून डझनभर केळी घेतली आणि दाराशी उभं राहून एकामागून एक संपवली. एक मला दिलं. मनाचा मोठा माणूस.

कडकभाकरी
सोलापूर, थोडक्यात. दौंडला पंखा बंद पडला. मामाने कडक भाकरीने वारा घेतला. सकाळी दादरच्या आधी तीच भाकरी मोडून शेंगा चटणीबरोबर खाल्ली. वाया काय घालवायचं नाही.

पांढरारस्सा
महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये थर्मासमधून पांढरा रस्सा नेत होतो. समोरच्या आजींना वाटलं दूध. ‘उपास आहे रे बाळा, अर्धा कप दे.’ आम्हा कोल्हापूरकरांना रस्सा कुणाला दिला नाही तर झोप येत नाही, पण त्या रात्री म्हणालो, नासलंय. स्वतःच्या रस्स्याला नासका म्हणायची वेळ कुणावर येऊ नये भावा.

सदाशिवपेठी
ठाणेकर, तुमची खोड राहिली.

ठाणेकर
लिहितो. पुण्याला निघालो होतो. कर्जतला गाडी थांबते ती बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लागायला. 37 मीटरला 1 मीटर चढणारा घाट, मागून ढकलल्याशिवाय जमत नाही. वडेवाला पुढे, बँकर मागे. भावाला म्हटलं, ‘तू वडे घे, मी आलो.’ शेवटच्या डब्यापर्यंत पळालो, कपलिंग बसताना फोटो काढले, शिट्टी झाली तसा हाताला लागेल त्या डब्यात चढलो. अख्खा घाट उपाशी. भावाने सहा वडे एकट्याने संपवले आणि मला रिकामा कागद दाखवला. मुंबईकराला दोन्ही हवं असतं आणि वेळ एकाचाच असतो.

नायगावची
मुंबईकर म्हणवता आणि सगळे वड्यावरच अडता? मुंबईचा खरा डबा लोकलचा मालडबा. आई पहाटे ससून डॉकवर मासळी घ्यायची, चर्चगेटला मालडब्यात पाटी चढवायची, बर्फाचं पाणी पायावरून वाहायचं. त्यातच एकीची भाकरी, दुसरीचं कोलंबीचं सुकं, बोरिवलीपर्यंत जेवण उरकलेलं. खोड आमची आवाज. आई कुजबुजली तरी फर्स्ट क्लासवाले वळून बघायचे.

पुढच्या 16 एप्रिलला सुके बोंबील घेऊन ठाण्याला येते. सिंधुदुर्गवाले, पिशव्या किती घेऊ?

सिंधुदुर्गवाला
सात.