‘रेअर मर्ल’ पॉम आणि दुप्पट किंमत: नुपूरच्या पोस्टला उत्तर

पाऊलवाट: काल नुपूरने लिहिलं की पॉमेरेनियनचं पिल्लू घेताना रंग ही निव्वळ हौस, साडीचा निवडतो तसा निवडावा, बाकी पिल्लं सगळी सारखीच. तिने ठरवलेलं पिल्लू राखाडी, अंगावर काळे शिंतोडे, एक डोळा निळा. ब्रीडर ह्या शिंतोड्यांच्या रंगाला ‘रेअर मर्ल’, म्हणजे दुर्मीळ मर्ल, म्हणत नारिंगी पिल्लाच्या दुप्पट पैसे मागतोय. खाली सगळ्यांनी बदाम टाकले. मला मात्र ते वाचून झोप लागली नाही.

माझ्या बहिणीने असंच ‘रेअर’ म्हणून पिल्लू आणलं. जवळजवळ पांढरंशुभ्र, पाठीवर दोन करडे ठिपके, एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान. गोड दिसतं म्हणून सगळे खूश. महिनाभराने लक्षात आलं, कुकरची शिट्टी झाली तरी ते झोपेतून हलत नाही. दोन्ही कानांनी ठार बहिरं. झोपेत हात लावला तर दचकून चावायचं, म्हणून ती आधी जमिनीवर पाय आपटते, हादऱ्याने ते उठतं. आठ वर्षं हेच चाललंय.

मर्लचा एक जीन आला तर अंगावर शिंतोडे येतात. आई आणि बाप दोघेही मर्ल असतील तर सरासरी चारात एका पिल्लाला तो दोन्हीकडून मिळतो (बहिणीचं पिल्लू त्यातलंच), आणि बहिरेपण, डोळ्यांचे दोष यांचा धोका तिथे खूप वाढतो. ब्रिटनचा केनेल क्लब अशा जोडीची पिल्लं नोंदवतच नाही. नुपूर, पैसे देण्याआधी आईबाप दोघांनाही प्रत्यक्ष बघ.

राजाभाऊ_कोल्हापूर: मी 11 वर्षं पॉम पाळतो, चार वेळा घरात पिल्लं झाली. ताई, तुमच्या बहिणीचं वाईट झालं, पण म्हणून मर्ल दिसला की घाबरायचं हे पटत नाही. एकेरी मर्ल, म्हणजे एकच जीन आलेली पिल्लं बहुतेक ठणठणीत असतात. ह्या जातीत खरी डोकेदुखी गुडघ्याची वाटी सरकण्याची आणि श्वासनलिका दबण्याची. त्याबद्दल कोणी ब्रीडरला विचारत नाही, सगळे रंगावर भांडतात. आणि मी स्वतः दोन मर्ल कधीच लावत नाही. क्रीम मादीशीच लावतो.

पाऊलवाट: राजाभाऊ, त्या क्रीम मादीची टेस्ट केली होती का? मर्ल फक्त काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर चालतो. नारिंगी किंवा क्रीम कुत्र्याच्या अंगात तो असला तरी दिसत नाही. बहिणीच्या पिल्लाची आई क्रीमच होती.

पशुवैद्य_रत्नागिरी: हे बरोबर आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, त्यावर डीएनए तपासणी होते. आणि टाळ्या वाजवून कान तपासू नका. एका कानाने ऐकणारं पिल्लूही वळून बघतं.

मधुकर_सांगली: म्हणजे आता पांढरी पिल्लं सगळी बहिरी? आमचा मोती 14 वर्षं जगला, पांढराशुभ्र पॉम. पोस्टमनची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की ओळखायचा. इंटरनेटवर वाचून लोकांना घाबरवणं बंद करा.

पशुवैद्य_रत्नागिरी: काका, सगळी पांढरी बहिरी असं कोणीच म्हटलेलं नाही. मोतीचं नाक आणि डोळ्यांच्या कडा काळ्याभोर असतील. तो पांढरा रंग म्हणजे फिकट होत गेलेला क्रीम, त्याचा कानाशी संबंध नाही. आणि राग मानू नका, मोतीचं वजन किती होतं?

मधुकर_सांगली: सहा-साडेसहा किलो. का?

पशुवैद्य_रत्नागिरी: मग तो बहुधा इंडियन स्पिट्झ, दिसायला पॉमसारखीच पण वेगळी जात. पॉम साधारण तीन किलोच्या आतबाहेर.

मधुकर_सांगली: वडिलांनी 1988 साली मिरजेहून पॉम म्हणूनच आणला होता. तुम्ही तो बघितलाही नाही आणि जात ठरवता?

खडीसाखर: काका, तेव्हा पुण्यामुंबईत दर तिसऱ्या बाल्कनीत जो ‘पॉम’ भुंकायचा तो स्पिट्झच. आमचाही. त्याला कमी लेखायचं कारण नाही. आपल्या उन्हाळ्यात तो टिकला, वरणभात खाऊन जगला. आता ह्या परदेशी मुलायम पिल्लांच्या नादात चांगला स्पिट्झ शोधून मिळत नाही, ह्याचा मला जास्त राग येतो.

राजाभाऊ_कोल्हापूर: स्पिट्झचा वेगळा धागा काढा. इथे पॉमचं चाललंय.

खडीसाखर: का काढू? छोटं पांढरं कुत्रं हवं असलेल्या माणसाला स्पिट्झ सांगणं हा रंगाचाच सल्ला आहे.

मधुकर_सांगली: मोतीचं नाक काळं होतं, हे खरं. पण तो पॉमच होता.

सायली_डोंबिवली: मी आठ आठवड्यांचं करड्या-काळपट केसांचं पिल्लू ‘सेबल’ म्हणून घेतलं. सहा महिन्यांत केस गळून अगदी विद्रूप दिसायला लागलं आणि वर्षाने झालं नारिंगी. नंतर कोणीतरी सांगितलं, कानामागचे केस बघायचे, मोठेपणीचा रंग तिथे आधी दिसतो. जास्तीचे पैसे गेले ते गेलेच.

राजाभाऊ_कोल्हापूर: कानामागचं मी प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवतो. सगळे ब्रीडर चोर नसतात. पाऊलवाटताई, क्रीम मादीची टेस्ट मी केलेली नाही. तिची पिल्लं आजवर चांगलीच निघाली. पण करून घेतो. गुडघ्यांबद्दल तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत.

पाऊलवाट: गुडघ्यांचं मान्य. ते मी आधीच लिहायला हवं होतं.

नुपूर: मी पोस्ट टाकली तेव्हा एवढं होईल असं वाटलं नव्हतं. ‘साडी’ हा शब्द चुकला. आज ब्रीडरला फोन केला. बाप मर्ल, आई क्रीम. टेस्ट विचारली तर म्हणाला, मॅडम एवढी चौकशी असेल तर दुसरीकडे बघा. पिल्लू फक्त पाच आठवड्यांचं आहे आणि परवाच घेऊन जा म्हणतोय. बुकिंगचे पैसे परत देत नाही.

पशुवैद्य_रत्नागिरी: कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही. त्याला हे लेखी विचारा.

नुपूर: विचारलं. त्याने ब्लॉक केलं.

खडीसाखर: नुपूर, स्पिट्झ चालेल का? साताऱ्याला माझ्या मावशीकडे दोन पिल्लं झालीत. दोन महिने पूर्ण झाले की बघायला जा, आईबाप दोघे तिथेच आहेत.

मधुकर_सांगली: मावशींचा पत्ता मलाही व्यक्तिगत निरोपात पाठवा.